प्रभूभोजनाच्या वेळी मनात घरभाड्याचा हिशेब : थांबावं की घेत राहावं?

पेटीवाला | सोमवार, रात्री १०:४२

सलाम मंडळी. धागा काढायची पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या.

नाशिकमधल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी सव्वीस वर्षं पेटी वाजवतोय. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असतं. काल होतं. पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणायची असते. मी म्हणत होतो, आणि म्हणता म्हणता डोक्यात गणित चाललं होतं. एकोणीस महिने गुणिले साडेचार हजार, पंच्याऐंशी हजार पाचशे. त्याचे निम्मे बेचाळीस हजार सातशे पन्नास. बरोबर 'आमेन'ला उत्तर आलं. प्रार्थनेतला शब्द चुकला नाही आणि गणितातला आकडाही.

गणित कसलं ते सांगतो. जेल रोडला वडिलांचं दोन खोल्यांचं घर आहे. आई आधीच गेली होती, मग वडील गेले, आणि घर भाड्याने दिलं. भाडं थोरला भाऊ घेतो. एकोणीस महिन्यांत मला छदाम मिळालेला नाही. आधी शब्दाला शब्द लागला, मग बोलणंच बंद झालं. पण मंडळी एकच. दादा कमिटीवर आहे, अर्पण गोळा करतो. लांब दांड्याची ती मरून मखमलीची पिशवी असते ना, ती तो माझ्यापुढे धरतो. मी शंभराची नोट टाकतो. दोघंही पिशवीकडे बघतो. एकमेकांना 'ख्रिस्ताची शांती' म्हणायची वेळ आली की मी उजवीकडच्या बाकांना हात मिळवत सुटतो, तो डावीकडच्या. इतकं जमून गेलंय की बघणाऱ्याला वाटावं, आम्ही कामं वाटून घेतलीत.

पेटीवर असल्यामुळे वेदीपाशी मी सगळ्यात शेवटी जातो. गुडघे टेकतो, भाकर घेतो, प्याला घेतो, येऊन शेवटचं गीत वाजवतो. काल घरी आल्यावर बायकोला म्हटलं, पुढच्या महिन्यापासून प्रभूभोजन घेणार नाही. ती म्हणाली, "लोक विचारतील ना." मलाही आधी तेच सुचलं होतं, म्हणून तिला काही बोललो नाही.

तर जाणकारांना विचारायचंय. मन जागेवर नसताना हे करत राहायचं, की बंद करायचं?

---

कडू_कारलं | सोमवार, रात्री ११:२०

पेटीवाले, तुम्ही निदान कबूल तरी केलंत. बाकीच्यांचं काय?

मी जाणं सोडून सहा वर्षं झाली. कारण सांगतो. आमच्या जुन्या मंडळीत (नाव घेत नाही, नाशिकचीच) कापणीचा सण असायचा. लोक द्राक्षांच्या पेट्या, कांदे, कोंबडी, घरचे लाडू असं काय काय आणायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. एका वर्षी कोथिंबिरीची जुडी दोन हजार एकशेला गेली. टाळ्या! बोली लावणाऱ्याचं नाव माइकवरून तीनदा. त्याच वेळी दाराशी चपला नीट लावत आमचा झाडूवाला उभा होता, ज्याचा तीन महिन्यांचा पगार कमिटीने 'फंड नाही' म्हणून थकवला होता. ती जुडी तोच पिशवीत भरून गाडीपर्यंत पोचवायला गेला.

बायबलातल्या आमोस संदेष्ट्याने अडीच हजारांवर वर्षांपूर्वी काय सांगितलं? तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पाचवा अध्याय उघडा. आम्ही हा उतारा कापणीच्या सणालाच वाचायला हवा होता. वाचला नाही, कारण मग लिलाव कसा रंगणार?

माझं मत विचाराल तर सगळं बंद करा. देव घरातही आहे.

---

सुगरण_मनमाड | सोमवार, रात्री ११:३१

वाचतेय.

---

जुना_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:१५

कारलेसाहेब, झाडूवाल्याचं ऐकून वाईट वाटलं. कापणीचे लिलाव मीही पाहिलेत. पण आमोस वाचताना एक लक्षात घ्या. तो देवाच्या नावाने चिडला होता आणि त्याचं बोलणं टिकलं ते ज्या लोकांनी शेकडो वर्षं ते पाठ करून, ठरल्या दिवशी मोठ्याने वाचलं त्यांच्यामुळे. वाचनाचा तो शिरस्ता नसता तर आज तुम्हाला चिडायला आमोस मिळाला नसता.

आता पेटीवाल्यांसाठी. तुम्हाला वाटतंय की विधी मन विचारत नाही. जुना विधी विचारायचा हो! अँग्लिकन मंडळीचं १६६२ सालचं प्रार्थनापुस्तक होतं, आपल्याकडच्या जुन्या मंडळ्या त्याच वळणाच्या. त्यात प्रभूभोजनाच्या सुरुवातीलाच पाळकाला सूचना आहे : ज्या दोघांमध्ये वैर आहे असं दिसेल त्यांना समेट होईपर्यंत मेजापाशी येऊ देऊ नये. आणि दोघांपैकी एक जण मनापासून क्षमा करायला, आपली चूक भरून द्यायला तयार असेल अन् दुसरा अडून बसला असेल, तर तयार असलेल्याला घ्यावं, अडेलतट्टूला नाही. म्हणजे तुमच्यासारखे भाऊ तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीही होते. आज हे कोणी वाचत नाही आणि वाचलं तर पाळकाची बदली होईल.

अवांतर : नाशिकच्या मंडळ्यांचा विषय निघाला की शरणपूरबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस यांनी ती वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणून शिकवली जायची. त्यांतला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी लिव्हिंग्स्टन यांच्या शोधात निघालेल्या तुकडीबरोबर आफ्रिकेत गेला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. नोकरांनी त्यांचं काळीज काढून तिथेच झाडाखाली पुरलं, शरीर मीठ लावून वाळवलं आणि हजार मैलांहून जास्त चालत समुद्रापर्यंत नेलं. काळीज पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने. पाळक नाही, चर्च नाही, घंटा नाही. छापील शब्द होते, दुसऱ्यांनी लिहिलेले. त्या माणसाजवळ त्या क्षणी स्वतःचे शब्द असतील असं मला वाटत नाही. कोणाजवळ असतात? आमच्या घरातली मयत झाली तेव्हा मलाही त्या छापील ओळींनीच उभं धरलं.

सव्वीस वर्षं वाजवलेली पेटी वाया गेली असं मानू नका.

---

पॅड_एफ_मेजर | मंगळवार, दुपारी १:०५

हाय. मी वय वर्षं सत्तावीस, पंचवटीत राहतो. मी जुन्या मंडळीतून बाहेर पडून एका मोकळ्या फेलोशिपमध्ये गेलो होतो. हॉल, प्रोजेक्टर, ड्रम, छापील प्रार्थना शून्य. 'आत्मा चालवील तसं' हे तिथलं वाक्य.

मी कीबोर्ड वाजवायचो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. संदेश संपत आला की ब्रदर आवाज खाली आणायचे. तो मला इशारा. मी एफ मेजरचा पॅड सोडायचो, अगदी हळू. ते म्हणायचे, "सगळ्यांनी डोळे मिटा." मी एक सूर वर. "इथे कोणीतरी आहे, ज्याचं मन आज जड आहे." तिथे डी मायनर. दर रविवारी कोणीतरी असायचंच आणि दर रविवारी डी मायनरला पहिला हुंदका यायचा. एकदा माझं अॅडाप्टर जळालं. त्या दिवशी आत्म्याने कोणालाच चालवलं नाही.

मी टिंगल करत नाहीये. त्या हॉलमध्ये माझ्या एका मित्राची दारू खरंच सुटली, आज चार वर्षं झाली. पण आम्ही जुन्या मंडळीला 'पोपटपंची' म्हणायचो आणि आमची हालेलुया मोजली तर रोज तेवढीच भरायची. पुस्तक नसलं म्हणजे साचा नसतो असं नाही. आमचा साचा फक्त छापलेला नव्हता.

पेटीवाले काका, तुमच्या बोटांना उपासना पाठ झालीय, तशीच माझ्याही. वादकांचं हे दुखणं वेगळंच. सगळे डोळे मिटतात तेव्हा आपल्याला उघडे ठेवावे लागतात.

---

पेटीवाला | मंगळवार, दुपारी १:३०

> वादकांचं हे दुखणं वेगळंच

अगदी अगदी. भात्याला एक चीर गेलीय, ती वाजते का हेच निम्मा वेळ ऐकत असतो मी.

---

नाशिकरोडची_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

मी कॅथलिक. बाळ येशूच्या देवळापासून जवळच राहते, त्यामुळे 'रिकामे विधी' हा विषय निघाला की सगळ्यांची बोटं आमच्याकडेच वळतात, सवय आहे. फेब्रुवारीत यात्रेला मुंबई, वसई, गोव्याहून बस भरून माणसं येतात. कोणी मेणबत्ती लावतं, कोणी नवस फेडतं, कोणी नुसतंच पोराला घेऊन फिरतं आणि पाळण्यात बसवतं. त्यातलं कोणाचं खरं, कोणाचं उगाच, हे मी तीस वर्षं बघूनही ओळखू शकत नाही. एक बाई दर वर्षी रांगेत फोनवर भांडताना दिसायची. नंतर कळलं, तुरुंगात असलेल्या मुलाच्या वकिलाशी बोलायची.

आमच्या राखेच्या बुधवारची एक गंमत सांगते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या आपण घरात क्रुसामागे खोचून ठेवतो. त्या परत आणून जाळतात, तीच राख. फादर कपाळावर राख लावतात, आणि त्याच मिस्सात (आमच्या उपासनेत) शुभवर्तमान कुठलं वाचतात? मत्तय सहा. उपास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा! राख लावायची आणि तोंड धुवा म्हणून वाचायचं. म्हणजे विधी स्वतःच स्वतःचे कान उपटतो. आमची पोरं मात्र ते ऐकून बाहेर येतात आणि फाटकापाशी राखेसकट सेल्फी काढून स्टेटसला टाकतात. मी माझ्या भाचीला म्हटलं, अगं आत्ताच काय ऐकलंस? तर म्हणे, मावशी, लाइट छान आहे.

माझी आजी लॅटिन मिस्साच्या काळातली. फादर वेदीकडे तोंड करून काय म्हणतात त्यातलं अक्षर कळायचं नाही, म्हणून ती मागे बसून आपली रोझरी (जपमाळ) म्हणायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा मराठीत आली. लोकांनी तिऱ्हाइतासारखं मुकं बसू नये, समजून भाग घ्यावा, असा त्यामागचा विचार. चांगलंच झालं. पण आजी म्हणायची, आता सगळं कळतं म्हणून कोणी ऐकत नाही.

पेटीवाले, आमच्याकडे शिकवण अशी की संस्काराची कृपा देणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसते, पण घेणारा कशा मनाने घेतो त्याला अर्थ आहे. मनात मोठं काही असेल तर आधी कबुलीला जायचं. तुम्हाला तो दरवाजा नाही, म्हणून तुम्ही तो या धाग्यावर उघडलात असं मला वाटतं.

---

कडू_कारलं | मंगळवार, रात्री ९:१२

मावशी, लिहिता छान. पण विधी कान उपटतो आणि माणसं सेल्फी काढतात, मग फायदा काय झाला? आणि मास्तर, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा स्वतःचा भक्तसंघ काढलाच ना? त्यांनाही संस्थेचा वीट आलाच होता.

---

जुना_मास्तर | मंगळवार, रात्री ९:४०

काढला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली, हे त्या काळात फारच धाडसाचं. पण त्यांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं हे विसरता. टाळ आणि चिपळ्या हा विधीच की. वीट आला होता तो परक्या सुराचा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, पूल जाळून टाकला असं नाही.

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८:२५

मी ख्रिस्ती नाही, धाग्यात घुसतोय. चालेल ना?

आमचं घर पिढीजात रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांचं. मी स्वतः बँकेत आहे, पण काका अजून बसतात. अस्थी घेऊन रोज माणसं येतात. मंत्र तेच, तांदूळ-तीळ तेच, अर्ध्या तासाचं काम. एकजण कलश पाण्यात सोडताना दुसऱ्या हाताने व्हिडिओ कॉलवर दुबईतल्या भावाला दाखवत असतो. दुसऱ्याला स्वतःच्या बापाचं नाव सांगता येत नाही, तोंडातून आवाजच फुटत नाही. काका दोघांसाठी सारखंच म्हणतात. मी एकदा विचारलं, तुम्हाला कंटाळा येत नाही? म्हणाले, "मला आला तर चालतो. त्याला पहिल्यांदाच करायचंय."

आणि रेव्हरंड टिळकांचं निघालंच आहे तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही आमच्या बाजूच्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांनी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं जे लिहिलंय ते वाचून आमच्या घरात सगळे हसतात आणि मग गप्प होतात, कारण आमच्याही एका आत्याचं तसंच होतं. ती दिवसभर धूत बसायची. हात धुवून झाले की नळ, नळ झाला की परत हात. तिच्यात भक्ती नव्हती असं मी म्हणणार नाही. भीती जास्त होती.

---

सुगरण_मनमाड | बुधवार, दुपारी ३:१०

दोन दिवस नुसतं वाचत होते. आता राहवत नाही.

पेटीवाले दादा, तुम्ही ज्या वचनाच्या टोचणीने अस्वस्थ झालात ते मत्तय पाच, तेवीस आणि चोवीस असणार. अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. इथे सगळ्यांनी गृहीत धरलंय की तुमचं भावाविरुद्ध काही आहे. वचन परत वाचा. तिथे लिहिलंय की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला आठवलं तर. तुम्हाला कोणाकडून काय येणं आहे याचा तिथे विषयच नाही. तुमच्याकडून कोणाला काय जायचंय ते आठवायला सांगितलंय.

दुसरं. पंच्याऐंशी हजार पाचशेचे निम्मे का केलेत? तुम्ही दोघंच का? बहीण नाही का तुम्हाला? नसेल तर माफ करा. असेल तर आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी सारखेच. मी हे फार महाग पडून शिकलेय. माझे दोन भाऊ आहेत. दोघंही कमिटीवर. दर नाताळला मला केक पाठवतात.

---

पॅड_एफ_मेजर | बुधवार, दुपारी ३:२२

ओह.

---

नाशिकरोडची_मावशी | बुधवार, रात्री ८:००

पेटीवाले, आहात ना?

---

कडू_कारलं | गुरुवार, सकाळी १०:४५

गेले वाटतं. मी म्हटलं नव्हतं?

---

जुना_मास्तर | गुरुवार, सकाळी ११:०२

कारलेसाहेब, जरा दम धरा की.

---

पेटीवाला | शनिवार, रात्री ११:५८

आहे.

बहीण आहे, धाकटी. भुसावळला असते. नवरा रेल्वेत होता, आता घरी असतो, पाठीचं दुखणं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात सव्वा महिना तीच इथे येऊन राहिली होती. दादा आणि मी आळीपाळीने डबा द्यायचो आणि निघायचो.

सुगरणताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि फोन उलटा ठेवून दिला. राग आला होता, खरं सांगतो. मग रात्री पुन्हा गणित केलं. तीन भाग. अठ्ठावीस हजार पाचशे. एकोणीस महिने मी दादाचं पाप मोजत होतो आणि माझ्या प्रत्येक हिशेबात तिचे चौदा हजार दोनशे पन्नास मी माझ्याकडे धरलेले. मिळाले नव्हते तरी धरलेले. पापांगीकार म्हणताना.

काल तिला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, घराच्या भाड्यात तुझा तिसरा हिस्सा आहे, मी आजवर बोललो नाही. ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, म्हणेल की असू दे रे भाऊ, मला काय करायचंय. खोटं कशाला बोलू, तसं म्हणेल अशी आशाही होती. ती म्हणाली, "दादाला सांगितलंस का?" मी म्हटलं, नाही. "मग आधी त्याला सांग. आणि मला नको असं मी म्हणणार नाहीये." नंतर विचारलं, पेटीचा भाता शिवला का.

आज संध्याकाळी दादाकडे गेलो. दार वहिनीने उघडलं. दादा घरी नव्हता, कमिटीची मीटिंग. वहिनीने चहा केला. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात बसलो होतो, तर नजर सारखी भिंतीकडे जात होती, कारण वडिलांचा फोटो त्यांनी जागेवरून हलवलाय. तासभर थांबलो. तो आला नाही. निघताना एका कागदावर तिघांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे आकडा, आणि वहिनीला दिला. तिने घडी उघडून बघितली, मग घडी घालून डब्याखाली ठेवली. काही बोलली नाही.

उद्या उपासना आहे. प्रभूभोजन नाही, ते पुढच्या महिन्यात, त्यामुळे तो निर्णय अजून घ्यायचाय. पण पिशवी घेऊन दादा येईलच माझ्यासमोर. सुरुवातीच्या गीताचा क्रमांक पाळकसाहेबांनी पाठवलाय, गीत चार सुरांत आहे आणि मधल्या सप्तकात भाता नेमका तिथेच फुसफुसतो. सेलोटेप लावून बसलोय.